वॉल्टरचं काडतूस

इथे कॅनडात, एडमंटनच्या मराठी मंडळात नव्या माणसाशी माझी ओळख करून द्यायची वेळ आली की आमचे लोक जरा चाचरतात. "ह्या सुलभाताई. ह्या म्हणजे... स्पोर्ट्सच्या दुकानात होत्या." स्पोर्ट्स म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे बॅडमिंटनच्या रॅकेटी येतात. मग मीच सांगून टाकते, की बाबा, मी शिकारीच्या बंदुकांची काडतुसं बनवायची. हाताने, एकेक. समोरच्याचा कचोरीचा घास तिथेच अडतो.

त्यातून मी शाकाहारी. ही गंमत कळली की मंडळातल्या बायका मला कोपऱ्यात घेतात. एकदा पद्माताईंनी अगदी काळजीने विचारलं, "अगं, पण पाप नाही का गं लागत?"

"माझं काडतूस वाकडं गेलं तर लागेल," मी म्हणाले.

हे मी चेष्टेत बोलले नव्हते. शिकारी जंगलात जाणारच असतो. मी नाही दिलं तर दुसऱ्याचं काडतूस घेऊन जातो. जनावर मरणारच असेल तर त्याला काही कळायच्या आत मरावं, अर्धमेलं होऊन झाडीत तडफडू नये, एवढीच गोष्ट माझ्या टेबलावर ठरायची. आणि ती मी चांगली ठरवायची. उगाच विनय करण्याचं माझं आता वय नाही.

काडतूस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सिनेमे बघून लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात. पितळेची एक पुंगळी असते. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात पावडर म्हणजे दारू, आणि तोंडाशी दाबून बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. पुंगळी तुमच्याकडेच राहते आणि नीट निगा राखली तर पुन्हा पुन्हा भरता येते. कारखान्यात अशी काडतुसं ढिगाने बनतात आणि ती काही वाईट नसतात. पण तयार ब्लाउज आणि मापाचा ब्लाउज यांत जो फरक, तो इथेही आहे. एकाच साच्यातल्या दोन बंदुका घ्या, एकीला जी पावडर मानवते ती दुसरीला मानवेलच असं नाही. कुणाला काय मानवतं ते शोधून काढणं हे माझं काम.

ते शोधायचं कसं, तर चिकाटीने. पुस्तकात दिलेल्या कमीत कमी मापापासून सुरुवात करायची. किंचित किंचित पावडर वाढवत काडतुसं भरायची, रेंजवर म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जाऊन कागदावर उडवायची आणि छिद्रांचा पुंजका कुठे आवळून येतो ते बघायचं. त्या पुंजक्याला ग्रुप म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टेबलावर पावडरचा एकच डबा ठेवायचा, दुसरा कपाटात. पुस्तकातलं कमाल माप ही लक्ष्मणरेषा. "थोडी जास्त घाल ना, सू," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला (सुलभाचं इथे सू झालं) मी दार दाखवत असे, मग तो मालकाचा जिवलग मित्र का असेना.

मालक म्हणजे वॉल्टर. त्याच्या आजोबांनी युक्रेनमधून येऊन इथे शेती केली, वॉल्टरने शेती सोडून दुकान काढलं. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा माझ्या फिजिक्सच्या डिग्रीचं कुणी लोणचंही घालेना. तिकडे मी सरकारी दारूगोळा कारखान्याच्या तपासणी विभागात होते, पण ते इथे सांगितलं की मुलाखत घेणारा आधी दचकायचा आणि मग घड्याळ बघायचा. एका हिवाळ्यात बसची वाट बघताना पाय बधिर झाले, म्हणून समोरच्या दुकानात शिरले. मागच्या खोलीत एक दांडगा माणूस पावडर तोलत होता आणि कपाळाला आठ्या घालून पुन्हा पुन्हा तोलत होता. त्याच्या डोक्यावर हीटिंगचा व्हेंट होता, त्यातून गरम हवा भसाभस येत होती.

"काटा वाऱ्यात आहे," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं, काटा उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला, पुन्हा तोलून बघितलं आणि विचारलं, "कॉफी घेणार?"

"नोकरी घेईन," मी म्हणाले. पुढे परवाने-बिरवाने व्हायला काय वेळ लागला ते सोडून देते. त्या खोलीतून मी रिटायर झाले, एवढं पुरे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची बंदूक कशानेच नीट मारेना, चार पावडरी बदलून झाल्या होत्या. मी आधी बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू बघितले. एक ढिला होता, तो आवळला आणि बंदूक सुतासारखी सरळ आली. डॉक्टर हिरमुसले. इतक्या मोठ्या दुखण्यावर इतकं छोटं औषध त्यांना सहन होईना. शेवटी त्यांच्या समाधानासाठी काडतुसंही भरून दिली. दाढेचं मूळ साफ करणारा माणूस स्क्रू विसरतो, हे मी त्यांना बोलून दाखवलं आणि ते खो खो हसले.

आपल्याकडचा निनाद आला तो लॅपटॉप घेऊनच. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, नुकतंच बंदुकीचं लायसन्स काढलेला. "काकू, मी सगळा डेटा लॉग केलाय. ऑप्टिमम लोड क्लिअरली दिसतोय, हा बघा ग्राफ."

"प्रत्येक मापाच्या किती उडवल्यास?"

"तीन."

"तीनमध्ये ऑप्टिमम दिसत नाही बाबा, नशीब दिसतं."

त्याचा चेहरा पडला, पण पोरगा जिद्दीचा. महिन्याभराने परत आला तेव्हा खरंच काम करून आला होता, आणि आज रेंजवर तो माझ्यापेक्षा चांगला नेम धरतो. हे मी त्याच्या तोंडावर सांगत नाही, कारण मग ग्रुपचे फोटो रोज व्हॉट्सॲपवर येतील.

पण मला लिहायचं आहे ते वॉल्टरच्या काडतुसाबद्दल.

आमच्या दुकानाची एक मूळकथा होती. नवं गिऱ्हाईक आलं की वॉल्टर ती सांगायचाच. तो ऐन तारुण्यात असताना वडिलांबरोबर रॉकीजच्या पायथ्याशी एल्कच्या शिकारीला गेला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याएवढा. कडाक्याची थंडी होती. वॉल्टरने गोळी झाडली, जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि झाडीत गेलं. बापलेक बर्फातल्या रक्तामागे अंधार पडेपर्यंत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तोवर नवं बर्फ पडून माग पुसला होता. जनावर सापडलं नाही. "काडतूस खराब होतं," वॉल्टर म्हणायचा. "बाजारचं खोकं. थंडीने पावडर मेली होती. तेव्हा ठरवलं, ह्यापुढे आपलं काडतूस आपण भरायचं." त्यातून त्याने टेबल मांडलं, त्या टेबलातून दुकान झालं, आणि त्या दुकानातून माझ्या घरची चूल पेटली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तो कुठे थांबून घसा खाकरणार ते मला ठाऊक होतं.

त्यानंतर त्याने हरणं मारली, मूससारखी थोराड जनावरं मारली, पण एल्कवर बंदूक रोखली नाही. मनातून मात्र ते जनावर गेलं नव्हतं. त्या भागात नर एल्क मारायचा तर सरकारी सोडतीत नाव लागावं लागतं. वॉल्टर दरवर्षी अर्ज करायचा आणि दरवर्षी हात चोळत बसायचा. माझ्या नोकरीच्या अखेरीअखेरीस एकदाची चिठ्ठी लागली. आणि नेमकं त्याच वर्षी त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, बंदूक चालव, पण मोठा धक्का चालणार नाही.

वॉल्टर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "सू, मला एक एल्क हवाय. एका गोळीत, जागच्या जागी. मग मी बंदूक कायमची कुलपात टाकीन. असं काडतूस होईल का?"

"होईल," मी म्हणाले. "पण मी सांगेन त्या अंतराच्या बाहेर उडवायचं नाही."

"कबूल."

धक्का कमी हवा म्हणजे गोळी हलकी, पावडर बेताची. पण एवढ्या मोठ्या जनावराला ती पुरली पाहिजे, म्हणून त्याने जवळ गेलं पाहिजे. हे सगळं गणित मी जुळवत आणलं. बंदूक त्याच्या वडिलांची होती, म्हातारी पण निरोगी. तिला काय आवडतं ते कळायला उन्हाळा गेला. पावडर ठरली, गोळी ठरली, ग्रुप बऱ्यापैकी आला. मग वॉल्टरच्या डोक्यात आलं की गोळी पुंगळीत थोडी कमी दाबून बघू.

हे जरा समजावून सांगते. बंदुकीच्या नळीत मळसूत्रासारख्या खाचा असतात, गोळीला फिरकी देण्यासाठी. गोळी पुंगळीतून जितकी बाहेर ठेवाल तितकी ती त्या खाचांच्या जवळ जाते. अगदी त्यांना टेकून बसवली तर पुष्कळदा नेम फार सुंदर येतो. स्पर्धेतले लोक करतात तसं. आम्ही केलं, आणि काय सांगू, कागदावर गोळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. वॉल्टर तो कागद हातात घेऊन रेंजवरच्या प्रत्येक माणसाकडे जाऊन आला. लग्न ठरल्याचे पेढे वाटावेत तसा.

तेवढ्यात रेंजवर एक हरिणी आली. आमच्याकडे हे नेहमीचं. गोळ्यांचा आवाज चाललेला असतो आणि ह्या बायका निवांत टार्गेटच्या पुढ्यात चरत उभ्या राहतात. लगेच ओरडा झाला, सीझ फायर, सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करायच्या. वॉल्टरने नुकतंच काडतूस आत घातलं होतं. त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, मागे ओढला. पुंगळी बाहेर आली, एकटीच. गोळी नळीच्या खाचांत घट्ट रुतून राहिली होती आणि पावडर बंदुकीच्या पोटात सांडली होती.

गोळी गजाने मागे ढकलून काढली, बंदूक खोलून झाडली, आणि मी म्हणाले, "हे काडतूस बाद."

"बाद? हा कागद बघ!"

"कागद बघितला. वॉल्टर, रेंजवरचा माणूस भरतो ते उडवतो. शिकारी भरतो त्यातलं बहुतेक न उडवता परत काढतो. रोज सकाळी भरशील, संध्याकाळी ट्रकमध्ये बसायच्या आधी काढशील. ते आत जितकं नीट जातं तितकंच नीट बाहेर आलं पाहिजे."

"संध्याकाळी मातीच्या ढिगात उडवून टाकीन. त्यात काय!"

"म्हणजे बंदूक रिकामी करण्यासाठी गोळी उडवणार? माझ्या टेबलावरून असलं काडतूस जाणार नाही."

"दुकान माझं आहे, सू."

"मग टेबल सांभाळायला दुसरी बाई शोध."

तोही तापट, मीही नागपूरची. दोनेक आठवडे आम्ही फक्त कामापुरतं बोललो. मी गोळी खोल बसवली, पुन्हा पहिल्यापासून मापं घेतली. ग्रुप थोडा सैल झाला. तरी तो बशीत मावेल एवढा होता, आणि एल्कच्या छातीतली जागा परातीएवढी असते. वॉल्टरने नवा कागद बघितला आणि म्हणाला, "बिघडवलास माझा ग्रुप." पण जुनं काडतूस पुन्हा मागितलं नाही.

मग थंडीची परीक्षा. पावडर गारठली की मंद जळते, गोळी खाली लागते. उन्हाळ्यात जमवलेलं काडतूस नोव्हेंबरात उणे पंचवीसला तसंच वागेल याची हमी नाही, आणि वॉल्टरचा तर सगळा इतिहासच थंडीचा. दुकानातला फ्रीजर मासे पकडायच्या गळांच्या आमिषांनी भरलेला, म्हणून मी काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून घरी आणली.

आमचे हे, म्हणजे दिवाकर, फ्रीजरमध्ये खोबरं शोधायला गेले. "सुलभे, हे पुरणपोळ्यांच्या बाजूला काय ठेवलं आहेस?"

"वॉल्टरची काडतुसं. हात नका लावू."

"आता हे घरात काहून? पोळीसोबत वाढतेस का काय मले?"

"थंडीत कशी वागतात ते बघायचं आहे."

"अन् पोळ्या?"

"त्या वागतात नीट."

बर्फाच्या पेटीतून ती रेंजवर नेली, गार गारच उडवली. गोळी किंचित खाली लागली, पण बोटभर सुद्धा नाही. मी वॉल्टरला सांगितलं, "जा. हे काडतूस तू जिथे रोखशील तिथे जाईल. ऊन असो, थंडी असो. माझा शब्द." असा शब्द मी सहसा देत नसे. तेव्हा दिला, कारण मला खात्री होती.

वॉल्टर मुलीला घेऊन गेला. तिचं नाव कॅरल, ती नर्स आहे, आणि बापाला एकट्याला जंगलात सोडायची तिची तयारी नव्हती. मी दुकानात बसून रोज फोनची वाट बघत होते. गोळी लागल्यावर पहिला फोन मला यावा अशी माझी अपेक्षा होती, आणि ती मी लपवत नाही. मनात मी ते जनावर केव्हाच पाडलं होतं. पद्माताईंना हे सांगू नका.

फोन आला नाही. शिकारीचा हंगाम संपला आणि वॉल्टर दुकानात आला. खिशातून काडतुसं काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. मी दिली होती तेवढीच होती, सगळी भरलेली. पितळेवर बारीक ओरखडे होते, म्हणजे रोज आत जाऊन बाहेर आली होती.

"दिसलाच नाही का?" मी विचारलं.

"दिसला. मोठा नर. तू सांगितलेल्या अंतराच्या आत. आडवा उभा होता, अगदी कॅलेंडरवर असतो तसा. बंदूक झाडाच्या खोडाला टेकवली होती. दुर्बिणीत छाती दिसत होती."

"मग?"

"मग मी काडतूस बाहेर काढलं."

मला संताप आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. उन्हाळाभर खपले होते, घरच्या फ्रीजरची शोभा करून घेतली होती, माझा शब्द दिला होता. "म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता," मी म्हणाले. "एवढं करून तुला काडतुसाचीच खात्री वाटली नाही!"

"उलट," वॉल्टर म्हणाला. तो स्टूल ओढून बसला. खांदा दुखत असावा, हात मांडीवर धरून बसला होता. "आजवर नेम धरला की मनात कुठेतरी असायचं, चुकलं तर बंदूक जुनी आहे, थंडी आहे, पावडर आहे. ह्या वेळी त्यातलं काहीच नव्हतं. तू काही शिल्लकच ठेवलं नाहीस. जनावर होतं आणि माझे हात होते. हात थरथरत होते, सू. कॅरल मागून बघत होती, तिला वाटलं थंडीने. थंडीने नव्हतं."

"थांबायचं होतंस जरा. थरथर जाते."

"थांबलो ना. गेली नाही. तो उभा होता आणि बोट ट्रिगरवर होतं, आणि मला वाटलं, उडवून टाकू, चाळीस वर्षं वाट बघितली आहे, लागली तर लागली. आणि तेव्हा मला आठवलं की हे असंच मला पूर्वीही वाटलं होतं. अगदी हेच. वडील शेजारी उभे होते आणि हात असेच थरथरत होते."

 पुढच्या खोलीत कुणीतरी बेल वाजवली, पण तो उठला नाही. त्याने एक काडतूस उचलून बोटांत फिरवलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं, इतरांच्या ओळीत.

"काडतूस उत्तम होतं," तो म्हणाला. "त्याही वर्षीचं चांगलंच होतं, सू."